घाट उतरणाऱ्या पिकअपचे दुखणे नेमके कुठे आहे?

वाचकाचे पत्र (संक्षिप्त):

मी ओतूर परिसरातील टोमॅटो उत्पादक शेतकरी आहे. २०१८ च्या जूनमध्ये नवी बोलेरो पिकअप घेतली. हंगामात स्वतःचा आणि शेजाऱ्यांचा माल माळशेज घाटातून कल्याणच्या बाजारात नेतो; एरवी कांदा, खते, कोंबडखत, चारा अशी वाहतूक चालते. गाडी २ लाख ६० हजार किलोमीटर झाली आहे. वर्षभरापासून परत येताना चढावर ती उठत नाही आणि काळा धूर टाकते. अ‍ॅव्हरेज १२ वरून साडेनऊवर आले आहे. ऑइल मात्र १० हजार किलोमीटरमध्ये जेमतेम एक लिटर वरून घालावे लागते. मेस्त्री हाफ इंजिन (इंजिन खोलून रिंग-पिस्टन बदलणे) करायला सांगतो आणि खर्च ८५ हजार म्हणतो. धाकट्या भावाचे म्हणणे असे की, एवढा पैसा जुन्या गाडीत घालण्यापेक्षा ती विकून हप्त्यावर नवी पिकअप घ्यावी. हौद्यात ११० क्रेट बसतात, त्यासाठी मागे स्प्रिंगचे दोन जादा पाटे टाकून घेतले आहेत. घाट उतरताना शेवटच्या वळणांना ब्रेक जरा जास्त दाबावा लागतो आणि जळका वास येतो, पण त्याची आता सवय झाली आहे. काय करावे? शिवाय, धुतल्यावर गाडीच्या खालून डिझेल फवारावे का?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आधी देतो. गाडी एवढ्यात विकू नका आणि इंजिनही एवढ्यात खोलू नका. मात्र ज्या वाक्याला तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरती जागा दिली, त्या ब्रेकच्या वाक्याने मला धुरापेक्षा जास्त काळजीत टाकले आहे. म्हणून इंजिनाच्या आधी त्याच्याबद्दल लिहितो.

तुमचा मार्ग डोळ्यांसमोर आणा. भरलेली गाडी घाट उतरते आणि रिकामी गाडी घाट चढते. म्हणजे या धंद्यात इंजिनाला त्या मानाने आराम आहे आणि सगळा ताण ब्रेकवर आहे. आता तुम्हीच दिलेल्या आकड्यांवरून वजन काढू. टोमॅटोच्या क्रेटमध्ये माल २० किलो आणि रिकाम्या क्रेटचे वजन दोन किलोच्या आसपास धरले, तर ११० क्रेटचे २,४२० किलो होतात. रिकामी गाडी सुमारे १,७०० किलो, तुम्ही आणि सोबतचा गडी मिळून १३० किलो, म्हणजे सव्वाचार टनांचे धूड घाट उतरत असते. घाटात ते ५०० मीटर खाली येते असे धरले, तर जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते ती अर्ध्या लिटरहून अधिक डिझेल जाळल्यावर निघणाऱ्या उष्णतेएवढी असते. त्यातला काही भाग वारा घेतो, काही गिअरमध्ये असलेले इंजिन घेते आणि उरलेला सगळा पुढच्या दोन डिस्क आणि मागचे दोन ड्रम यांना पचवावा लागतो. तो जळका वास लायनरचा, म्हणजे ब्रेक लागताना ड्रमवर घासणाऱ्या अस्तराचा आहे. पेडल जास्त दाबावे लागते याचा अर्थ तापलेल्या लायनरची पकड सुटू लागली आहे, आणि ही गोष्ट सवय होण्याजोगी नाही.

ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले, याचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही; बहुतेकांच्या पत्रांत तो नसतोच. हे ऑइल हवेतली ओल शोषत राहते. नव्या डॉट-३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, ओल शोषलेल्या ऑइलचा तो १४० पर्यंत खाली येऊ शकतो. डॉट-४ मध्ये हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. उतारावर कॅलिपर (डिस्कला चिमटीत धरणारा ब्रेकचा भाग) तापले की ओलावलेले ऑइल उकळते, नळीत वाफेचे बुडबुडे धरतात, आणि बुडबुडा दाबला जात असल्यामुळे पेडल जमिनीला टेकते तरी गाडी थांबत नाही. पेडल ‘स्पंजासारखे’ झाले असे चालक सांगतात, तो हाच प्रकार. दर दोन वर्षांनी सगळे ऑइल काढून नवे भरणे आणि चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा काढणे, हे काम काही हजारांचेही नाही. डबीत वरून थोडे घालणे म्हणजे बदलणे नव्हे.

आता जादा पाट्यांकडे येऊ. अनेक पिकअपना मागच्या ब्रेकचा दाब ओझ्यानुसार कमी-जास्त करणारा एक व्हॉल्व्ह असतो. तो हौद्याखाली चासीला बसवलेला असतो आणि एका दांड्याने किंवा स्प्रिंगने मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेला असतो. ओझ्याने गाडी मागून बसली की दांडा वर सरकतो आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की दाब कमी ठेवतो, म्हणजे मागची चाके लॉक होऊन गाडी फिरत नाही. जादा पाटे टाकल्यावर अडीच टन माल भरूनही गाडी पुरेशी बसत नाही. बिचाऱ्या व्हॉल्व्हला वाटते, गाडी जवळजवळ रिकामी आहे. तो मागचा दाब रोखून धरतो आणि पुढचे दोन डिस्क एकटे झुंजत राहतात. गाडीखाली वाकून हा दांडा आहे का, तो मोकळा हलतो का, की कोणी तारेने बांधून ठेवला आहे, हे पाहून घ्या. काही ठिकाणी तो सरळ काढून टाकलेलाही असतो. गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या मापाला तो पुन्हा बसवायचा असेल, तर पाट्यांची संख्याही मूळची असावी लागते.

तुमच्या आरसी बुकमध्ये भरलेल्या गाडीचे कमाल वजन लिहिलेले असते. ते २,९९० किलोच्या जवळ असेल, तर माणसे धरून तुम्हाला सुमारे १,२९० किलो मिळतात. दोघांचे वजन वजा केले की ५२ क्रेट. तुम्ही ११० भरता. पकडले गेल्यास २० हजार रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार आणि माल उतरवून घेण्याचा खर्च, असे मोटार वाहन कायद्याचे कलम १९४ सांगते. ५२ क्रेट नेऊन धंदा परवडत नाही हे तुम्ही लगेच सांगाल, आणि ते खोटे नाही. पण मग गाडीचा वर्ग चुकला आहे असे त्याचे उत्तर निघते. भाऊ म्हणतात ती नवी पिकअपसुद्धा ११० क्रेट कायदेशीरपणे नेणार नाही. तीही तीन-चार वर्षांत आजच्याच अवस्थेला येईल, फक्त तिच्यावर हप्ता असेल. हंगामाच्या ऐन अडीच-तीन महिन्यांत शेजाऱ्यांचा माल एकत्र करून टाटा ४०७ च्या वर्गातली गाडी भाड्याने लावावी आणि उरलेल्या वर्षभराची किरकोळ वाहतूक आपल्या पिकअपने करावी, असे मला सुचते. तशी गाडी स्वतः चालवण्याची वेळ आलीच, तर एकूण ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचा परवाना पुरतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे.

पुढच्या फेरीपूर्वी एवढे करा. चारही चाके उघडून लायनर आणि डिस्क पॅड पाहा. लायनर जळून काचेसारखे चकाकत असेल, तर त्यावर कानस फिरवून वेळ मारून नेऊ नका, बदला. ड्रमच्या आतल्या पृष्ठभागावर नख ओढा. निळसर डाग किंवा केसाएवढ्या भेगांचे जाळे दिसले, तर ड्रमही गेला असे समजा. मागच्या व्हील सिलिंडरचे रबर बोटाने उचलून पाहा, आत ओल असेल तर तो पाझरतो आहे. आणि घाटाच्या तोंडाशी, उतार सुरू होण्याआधी, ज्या गिअरमध्ये भरलेली गाडी तोच घाट चढली असती तो गिअर टाका. ब्रेक सतत हलका दाबून ठेवण्यापेक्षा वेग वाढल्यावर एकदा ठामपणे दाबून सोडणे बरे, कारण मधल्या वेळात ड्रमला वारा लागतो. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरणारे चालक मी पाहिले आहेत. गिअरमध्ये उतरताना पाय पेडलवरून काढलेला असला की या इंजिनाला डिझेल जवळजवळ बंदच होते, त्यामुळे ती बचतही खरी नाही.

आता धूर. तुमच्या पत्रातले दोन तपशील हाफ इंजिनच्या विरोधात साक्ष देतात. पहिला, धूर काळा आहे. रिंग-पिस्टन झिजल्यावर ऑइल जळते आणि धूर निळसर होतो. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडते आहे किंवा इंजेक्टर डिझेल नीट फवारत नाहीत. दुसरा, १० हजार किलोमीटरमध्ये एक लिटर ऑइल हे अडीच लाखांहून जास्त चाललेल्या डिझेल इंजिनाला मुळीच जास्त नाही. गाडी रिकामी असताना चढावर उठत नाही, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या टर्बोला जोर लावायची वेळ येते तेव्हाच काहीतरी निसटते आहे.

माझ्या स्वतःच्या पिकअपबाबत हेच घडले होते. गाडी चढावर मरत होती आणि एका गॅरेजने न तपासताच इंजिन खोलायचा दिवसही ठरवून टाकला होता. आदल्या दिवशी सहज म्हणून मी टर्बोपासून इंटरकूलरकडे (ती हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणाऱ्या रबरी होजच्या खालच्या अंगाने बोट फिरवले, तर बोट काळे, तेलकट झाले. होज काढून दोन हातांनी वाकवला तेव्हा क्लॅम्पच्या कडेला बोटभर लांबीची चीर उघडली. सोडून दिला की ती मिटत असे. उभ्या गाडीत ती दिसत नव्हती, कारण ती फक्त दाबाखाली उघडायची. टर्बोने भरलेली हवा तिथून बाहेर जायची, डिझेल मात्र पूर्ण यायचे आणि उरलेले धुरातून निघायचे. होज आणि दोन क्लॅम्प बदलले, एवढ्यावर काम भागले. तुमच्या गाडीचे दुखणे हेच असेल असे मी म्हणत नाही, पण ८५ हजारांच्या आधी ते पाहायला दहा मिनिटे लागतात.

क्रम असा ठेवा. आधी एअर फिल्टर: खळ्यावर, कच्च्या रस्त्यावर आणि कोंबडखताच्या धुळीत फिरणाऱ्या गाडीला पुस्तिकेतला बदलाचा पल्ला लागू होत नाही, तो निम्म्यावर आणावा लागतो. मग डिझेल फिल्टर आणि त्याखालची पाण्याची टाकी. तुम्ही घरी कॅनमध्ये डिझेल साठवत असाल तर तिथला स्क्रू सोडून काचेच्या ग्लासात थोडे काढून पाहा, पाणी तळाशी वेगळे दिसते. त्यानंतर सगळे होज आणि ईजीआर, म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारे व्हॉल्व्ह. ते काजळीने अडकून उघडे राहिले तरी धुरासह हीच लक्षणे दिसतात. हे सगळे ठीक निघाले तर इंजेक्टरची परतीच्या डिझेलची चाचणी करून घ्या. चार इंजेक्टरना चार बाटल्या लावून इंजिन काही मिनिटे चालू ठेवतात. एखादी बाटली इतरांपेक्षा झपाट्याने भरली तर तो इंजेक्टर गळतो आहे. इंजेक्टर खोलून खात्रीच्या पंप-नोझलवाल्याकडे बेंचवर तपासून घ्यावेत, अंदाजाने चारही बदलू नयेत.

एवढ्यानंतरही गाडी उठली नाही, तर कॉम्प्रेशन मोजा. इंजिन तापवून चारही सिलिंडरचा दाब गेजवर घ्यायचा आणि आकडे स्वतः वहीत लिहून घ्यायचे. चारही आकडे थोडे उतरलेले पण एकमेकांच्या जवळ असतील, तर इंजिन म्हातारे आहे, आजारी नाही. ते आणखी काही वर्षे चालेल. एखादाच आकडा फार खाली असेल, तर हेड, व्हॉल्व्ह किंवा रिंग यांपैकी काय ते शोधून तेवढेच काम करता येते. ऑइलचे झाकण काढल्यावर आगगाडीच्या इंजिनासारखे धुराचे झोत येत असतील, ज्याला आपले मेस्त्री बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, तरच संपूर्ण कामाचा विचार करा. ‘गाडी इतकी चालली आहे, आता इंजिन करावेच लागेल’ हे कारण मी मानत नाही.

भावाच्या हिशोबालाही न्याय द्यायला हवा. नवी गाडी रस्त्यावर येईपर्यंत साडेदहा लाख, त्यातले दोन लाख रोख आणि साडेआठ लाख साडेदहा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी, असे धरले तर हप्ता १८,३०० रुपयांच्या जवळ येतो. पाच वर्षांत व्याजच जवळजवळ अडीच लाख होते. तुमचे हाफ इंजिन, ते खरोखर लागलेच तर, पाच हप्त्यांपेक्षा कमी आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे टोमॅटोचा भाव पडला आणि क्रेट बांधावर ओतायची पाळी आली, तरी हप्ता त्या महिन्याला माफ होत नाही. जुन्या गाडीचे काम मात्र दोन महिने पुढे ढकलता येते. भावाला नव्या गाडीची हौस असेल तर तीही काही पाप नाही, फक्त तिला हिशोबाचे नाव देऊ नये.

एका बाबतीत मात्र मी लगेच बाजू बदलेन, आणि ती बाब म्हणजे चासी. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरेन्शियल ही सगळी दुरुस्त होणारी अंगे आहेत. गंजून पातळ झालेली चासी तशी नाही. तुम्ही खते आणि कोंबडखत नेता असे लिहिले आहे. खताचे दाणे हौद्याच्या फटींतून खाली पडतात, चासीच्या आडव्या पट्ट्यांवर आणि पाट्यांच्या हँगरपाशी चिखलाबरोबर साचतात आणि पावसात विरघळून लोखंड खात राहतात. कोंबडखत त्याहून वाईट. गाडी रॅम्पवर चढवा आणि मागच्या हँगरभोवती, हौदा जिथे चासीवर बसतो तिथे, तसेच अ‍ॅक्सलच्या वरच्या कमानीपाशी हातोडीने हलके ठोके द्या. ठणठणीत आवाज आला तर उत्तम. भद आवाज आला, पापुद्रे निघाले किंवा स्क्रूड्रायव्हर रुतला, तर पॅच मारून घेण्याआधी माझा सल्ला ‘विका’ असाच असेल, आणि घेणाऱ्याला ते दाखवून विका. चासी शाबूत असेल, तर खत उतरवल्यावर त्याच दिवशी हौदा आणि खालची बाजू साध्या पाण्याने धुण्याचा नियम करा आणि हौद्याची पाणी जाण्याची भोके मोकळी ठेवा.

टायरबाबत थोडक्यात: रिमोल्ड टायर पुढे कधीच टाकू नका आणि जुने घेताना बाजूवरचे चार आकडे वाचा. २३२१ म्हणजे २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला.

येत्या जूनमध्ये गाडीला आठ वर्षे पूर्ण होतील. तोवर दर दोन वर्षांनी लागणारे योग्यता प्रमाणपत्र त्यानंतर दर वर्षी घ्यावे लागेल. पासिंगच्या आदल्या आठवड्यात धावपळ करण्यापेक्षा ब्रेक, दिवे, रिफ्लेक्टर पट्ट्या आणि धुराचे काम मे महिन्यातच उरकून घ्या; टोमॅटोच्या हंगामाला गाडी तयारही राहील. एक वही मात्र आजच घाला. तारीख, किलोमीटर, भरलेले डिझेल, ऑइल, बदललेला भाग आणि दिलेले पैसे, एवढेच रकाने. अ‍ॅव्हरेज १२ वरून साडेनऊवर आले हे तुम्हाला वर्षाने जाणवले. वहीत ते दुसऱ्या महिन्यात दिसले असते. कधी विकायची वेळ आलीच, तर हीच वही घेणाऱ्यासमोर ठेवता येते.

गाडी मोठी असली की पाहुणेमंडळी वऱ्हाडासाठी आणि यात्रेसाठी मागतात, म्हणून तुम्ही न विचारलेले एक सांगतो. मालवाहू गाडीच्या हौद्यातून फुकट किंवा भाड्याने नेलेल्या प्रवाशांची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००३ मधील निर्णय आहे. मालाबरोबर जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी यांना संरक्षण आहे, वऱ्हाडाला नाही. अपघात झाला तर ती रक्कम तुमच्या शेतावर येईल.

राहिला डिझेल फवारण्याचा प्रश्न. फवारू नका. वॉशिंगवाले ती सेवा आग्रहाने देतात आणि गाडी दोन दिवस काळी कुळकुळीत दिसते, पण त्यावर धूळ जास्त चिकटते आणि पाट्यांचे, शॉकअपचे रबरी बुश फुगून मऊ पडतात. गंजापासून बचाव करायचा असेल तर पावसाळ्यापूर्वी चासी कोरडी करून, तारेच्या ब्रशने घासून गंजरोधक रंग लावा, आणि जिथे निपल आहेत तिथे ग्रीस भरा. फवारलेले डिझेल ड्रमच्या फटीतून आत शिरले, तर ते नेमके तुम्ही नुकत्याच बदललेल्या लायनरवर जाऊन बसेल.